वही, टेप आणि वस्ती : मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

दुसरं सत्र जवळ आलं की मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पत्रं वाढतात. कुणी इंटर्नशिप म्हणतं, कुणी ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), कुणी साधं फील्डवर्क. अडचणी बहुतेक त्याच असतात. यंदाच्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, वर्ग आणि गाव तेवढं ठेवलं आहे.

मी एम.ए. प्रथम वर्षाला आहे. ओजेटीला चार क्रेडिट आहेत. गेल्या वर्षी आमच्या सीनियर मुलांना एका संस्थेने महिनाभर एक्सेलमध्ये आकडे भरायला बसवलं. तसं होऊ नये म्हणून जागा कशी निवडायची आणि पत्रात काय लिहायचं? – नागपूर

चार क्रेडिट म्हणजे १२० तास. रोजचे सहा तास धरले तर वीस दिवस. एवढ्यात कुठल्याही जमातीचा 'अभ्यास' होत नाही. पण तीस घरांच्या एका पाड्यात पाणी कोण भरतं, किती खेपा होतात आणि मुलींची शाळा त्यात किती बुडते, हे व्यवस्थित होतं. म्हणून आधी प्रश्न ठरवा आणि मग संस्था शोधा. उलटं केलं की संस्था आपल्या गरजेचं काम तुमच्या हाती देते, आणि त्यात तिची चूक नसते.

वीस दिवसांची वाटणी साधारण अशी करावी: तीन दिवस वाचन आणि प्रश्नावलीची चाचणी, अकरा दिवस वस्तीत, चार दिवस नोंदी उतरवून तक्ते करायला, आणि दोन दिवस लिहून झालेलं वस्तीत परत सांगायला. विद्यार्थी शेवटचे सहा दिवस हमखास विसरतात. मग पंधरा दिवस फिरून आल्यावर वह्या तशाच राहतात आणि अहवाल नेटवरच्या माहितीने भरला जातो.

नागपूरकरांना एक सोय आहे. भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं (स्थापना १९४५, मुख्यालय कोलकाता) मध्य विभागाचं केंद्र नागपुरातच आहे. वस्तूंवर काम करायचं असेल तर १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, गावातच आहे. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात इरावती कर्वे यांच्या नावाचं संग्रहालय आहे, आणि हाडं-भांडी-उत्खनन यांत रस असेल तर डेक्कन कॉलेज आहे. भोपाळचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय नागपूरहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. आरोग्याकडे ओढा असेल तर गडचिरोली आणि मेळघाटात काम करणाऱ्या संस्थांना विचारा. सामूहिक वनहक्काचं काम करणाऱ्या ग्रामसभांनाही विचारा. त्यांना हिशेब, नकाशे आणि नोंदी ठेवणारी माणसं हवी असतात, आणि हे बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोक्यातच येत नाही. कुठेही जागा दर वर्षी असेलच असं नाही, तेव्हा किमान दोन महिने आधी आणि तीन ठिकाणी विचारा.

पत्र एका पानाचं असावं. 'आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याची संधी मिळावी' हे वाक्य काढून टाका, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. चार गोष्टी लिहा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत येऊ शकता. प्रश्न कोणता आहे, दोन ओळींत. काय येतं: गोंडी, माडिया, कोरकू बोलता येते का, दुचाकी चालवता येते का, हाताने नकाशा काढता येतो का. आणि काय हवं: आठवड्यातून एकदा तासभर तुमची वही बघणारा एक अनुभवी माणूस. या शेवटच्या मागणीला संस्था काय उत्तर देते, त्यावरून तिथे शिकायला मिळेल की नाही हे जवळजवळ कळतं.

आकडे भरण्याच्या कामाला मात्र सरसकट नाक मुरडू नका. फक्त एक अट घाला: जो फॉर्म भरायचा, त्यातले निदान वीस फॉर्म मला स्वतः घरोघर जाऊन भरू द्या. 'कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय' या रकान्यात 'मजुरी' लिहिताना समोरचा माणूस किती थांबला, काय काय सांगून मग 'लिहा मजुरी' म्हणाला, हे एकदा पाहिलं की एक्सेलच्या त्या रकान्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

दिवसभर फिरून रात्री डायरी लिहायला बसलं की काही सुचत नाही. सगळं आठवतं असं वाटतं, पण लिहिताना चार ओळींत संपतं. – द्वितीय वर्ष बी.ए., नाशिक

कारण दिवसा काही टिपलेलं नसतं. खिशात मावणारी छोटी वही आणि पेन्सिल ठेवा (शाई घामाने आणि पावसाने पसरते). दिवसा फक्त खुणेचे शब्द टिपायचे: वेळ, जागा, आकडे, कुणाच्या तोंडचं एखादं वाक्य जसंच्या तसं. समोरचा मनापासून बोलत असताना वही काढू नका, बाजूला गेल्यावर टिपा. रात्री त्या खुणांवरून मोठ्या वहीत सविस्तर लिहा, आणि ते त्याच रात्री लिहा. एका झोपेनंतर माणसांचे शब्द जातात आणि आपले शब्द त्यांच्या जागी येऊन बसतात.

नवशिक्याची नोंद अशी असते: 'बायका पाण्यासाठी खूप कष्ट करतात. वातावरण खेळीमेळीचं होतं.' यातून नंतर काहीच काढता येत नाही. तीच सकाळ अशी लिहिता येते:

'स. ६.५०, वरच्या पाड्याचा हातपंप. ५ बायका, २ मुली (अंदाजे १० व १२ वर्षं), पुरुष नाही. रांगेत ११ हंडे, ३ कॅन. एक हंडा भरायला ५२ वेळा दांडा मारला (मोजलं). घर १४ ची बाई मुलीला म्हणाली, "शाळेची येळ झाली, तू जा, मी आणते." मुलगी गेली नाही. ७.२५ ला पहिली खेप घेऊन निघाली.'

यात 'कष्ट' हा शब्द कुठेच नाही, पण कष्ट मोजता येतात. शिवाय आई जा म्हणते आणि मुलगी थांबते, ही विसंगती नोंदीत आली. पुढच्या दिवसाचा प्रश्न तिथून निघतो.

मोठ्या वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन भाग करा. डावीकडे रुंद भागात पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे अरुंद भागात तुम्हाला काय वाटलं ते. ऐकलेल्याला अवतरणचिन्ह द्या, पण शब्द नेमके आठवत असतील तरच. बोलीतलं वाक्य प्रमाण मराठीत 'दुरुस्त' करू नका. 'येळ' ला 'वेळ' केलंत की निम्मी माहिती गेली. तासभराच्या निरीक्षणाला लिहायला दोन तास धरा. रेकॉर्ड केलेली मुलाखत शब्दशः उतरवायला नवख्या माणसाला एका तासामागे चार ते सहा तास लागतात, म्हणून दिवसाला तीन मुलाखती घेऊ नका, त्या कधीच उतरवून होणार नाहीत.

रायगड जिल्ह्यात कातकरी वाडीवर वंशावळी घेत होतो. लोक दर वेळी वेगळं सांगतात, आणि 'मामा', 'आत्या' यांत इतका गुंता होतो की कागद फाडून परत सुरुवात करावी लागते. अर्धी घरं बंदच होती. – एम.एस्सी., पुणे

बंद घरांचं आधी. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि इतर कामांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. जानेवारीत गेलात तर वाडीत म्हातारी माणसं आणि काही मुलं भेटणार, आणि तुमच्या तक्त्यात वाडी आपोआप 'वृद्धांची' होणार. पावसाळ्यात, भातलावणी आटोपल्यावर जा, किंवा भट्टीवर जाण्याची परवानगी मिळते का ते बघा. ते जमत नसेल तर बंद घरालाही क्रमांक द्या आणि शेजाऱ्याकडून कोण कुठे गेलं ते लिहून घ्या. बंद घर सोडून पुढे जाणं ही या कामातली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत नेहमीची चूक आहे.

आता गुंता. वंशावळीची पद्धत इंग्रज मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत बसवली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे: नात्याचे शब्द शक्य तितके कमी वापरा आणि माणसांची नावं घ्या. 'तुमचे मामा किती?' असं विचारलं की आईचे सख्खे भाऊ, चुलत भाऊ, गावचे मानलेले मामा, सगळे येतात. त्याऐवजी पाच शब्दांवरच चाला: आई, बाप, मूल, नवरा, बायको. 'तुमच्या आईचं नाव? तिला जन्म देणारी कोण? तिच्याच पोटची आणखी मुलं कोणती, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत?' 'पोटची' हा शब्द महत्त्वाचा. नुसतं 'भावंडं' म्हटलं की चुलत-मावस सगळी एका ओळीत येतात.

मग 'मामा', 'आत्या' म्हणून काय हाक मारतात हे वेगळ्या रकान्यात लिहा, कारण गंमत तिथेच आहे. इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेच्या अंगाने भारताचे पट्टे पाडले तेव्हा महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात बसवला. इथल्या अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणं चालतं, आत्याची मुलगी करणं चालत नाही. त्या मुलीच्या बाजूने पाहिलं तर ती आपल्या आत्याच्या घरी सून म्हणून जाते. जुन्या मराठीत सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणतात, ते याच्याशी जुळतं. तेव्हा एखादी बाई 'आत्या' म्हणाली तर ती बापाची बहीण, नवऱ्याची आई, की दोन्ही, हे हाकेवरून कळणार नाही. ते नावांच्या साखळीवरूनच कळेल. विद्यार्थी कागद फाडतात तो बहुतेक इथेच: एकच माणूस दोन वाटांनी नात्यात येतो आणि ते त्याला दोन ठिकाणी दोन माणसं म्हणून काढतात.

उपाय क्रमांकांचा. घराला क्रमांक, घरातल्या माणसाला क्रमांक: १४/३ म्हणजे घर चौदा, माणूस तीन. बाहेरगावच्यांना 'ब' मालिका: ब१, ब२. एकदा दिलेला क्रमांक कुठल्याही कागदावर बदलायचा नाही. तोच माणूस दुसऱ्या वाटेने परत आला तर नवं चिन्ह न काढता तुटक रेघेने जुन्या क्रमांकाशी जोडा. चिन्हं नेहमीचीच: पुरुष त्रिकोण, स्त्री वर्तुळ, लग्न बरोबरचं चिन्ह, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ, सांगणारा माणूस काळा भरलेला. कागद ए-३ आकाराचा आडवा घ्या आणि मधली पिढी मधोमध सुरू करा. वरून सुरू केलं की खाली नातवंडांना जागा उरत नाही. पेन्सिलनेच काढा आणि खोडरबर जवळ ठेवा.

तीन पिढ्यांच्या एका वंशावळीला दीड तास लागतो, तो दोन बैठकांत विभागा. लोक 'वेगळं सांगतात' ते खोटं बोलतात म्हणून नाही. काही माणसं ठरावीक जागी गळतात आणि कुठे गळतात ते माहीत असलं की शोधता येतात. लग्न होऊन गेलेल्या मुली गळतात, कारण 'आमच्या घरात' त्या आता मोजल्या जात नाहीत. लहानपणी गेलेली मुलं गळतात. दोन भावंडांच्या वयात सहा-सात वर्षांचं अंतर दिसलं तर हळूच विचारा, 'यांच्या मधे कोणी होतं का?' आणि उत्तरानंतर गप्प बसा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पहिली बायको किंवा सोडून गेलेला नवरा गळतो. काही बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा तिथे हट्ट न करता शेजारणीला विचारा. आणि सगळं झालं की वयं तपासा: आई आणि पहिल्या मुलाच्या वयात तेरा वर्षांपेक्षा कमी अंतर निघालं तर एक तर वय चुकलं आहे किंवा ती सावत्र आई आहे. वाडीतली दोन वेगळी माणसं एकाच कुटुंबाची वंशावळ कशी सांगतात हे निदान पाच घरांत ताडून बघा. फरक निघाला तर दोन्ही ठेवा, एक खोडू नका.

आम्ही दोघींनी अंगणवाडीतल्या मुलांची उंची, वजन आणि दंडघेर मोजला. आमचे आकडे एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून सरांनी सगळाच डेटा नाकारला. चूक कुठे झाली असेल? – तृतीय वर्ष, छत्रपती संभाजीनगर

सर कठोर वाटतील, पण बरोबर आहेत. दंडघेरात ११.४ आणि ११.९ यांत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक आहे, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण (सॅम), ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मध्यम (मॅम). तुमच्या दोघींच्या फरकात एक मूल सॅममधून मॅममध्ये गेलं.

दंडघेर बहुधा दंडाच्या मध्यात चुकतो. मध्य नजरेने ठरवायचा नसतो. डावा हात कोपरात काटकोनात वाकवा. खांद्याच्या हाडाचं टोक बोटाने चाचपून शोधा, तिथे शून्य धरून टेप मागच्या बाजूने कोपराच्या टोकापर्यंत सोडा. समजा १४.८ आलं, तर ७.४ वर पेनने बारीक खूण करा. आता हात सरळ, सैल खाली सोडायला सांगा. मूल हात आखडून धरतं, त्याच्या हातात काही असेल तर ते काढून घ्या. खुणेवर टेप लपेटा: कातडीला सगळीकडून टेकलेला, पण रुतलेला नाही. टेपच्या कडेने कातडी फुगून वर आली तर घट्ट झाला, टेप आणि दंडामध्ये फट दिसली तर सैल. मिलिमीटरपर्यंत वाचा, वाचलेला आकडा मोठ्याने म्हणा, आणि लिहिणारीने तो परत म्हणून मगच लिहावा.

उंचीला दोन वर्षांखालची मुलं आडवी झोपवून मोजायची, वरची उभी. दोन वर्षांखालच्या मुलाला उभं मोजलं असेल तर त्यात ०.७ सेंटीमीटर मिळवतात. उभ्या मुलाची चप्पल, वेणी-अंबाडा, टोपी काढा. टाचा फळीला टेकलेल्या, आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्रापुढचा उंचवटा आडव्या एका रेषेत. मुलं मापताना हनुवटी वर करतात, त्याने आकडा बदलतो. माणूस सकाळी थोडा उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत एखादा सेंटीमीटर कमी होतो, म्हणून एकीने सकाळी आणि दुसरीने दुपारी मोजून तुलना केली तर ती तुलनाच नाही. वजनकाटा सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका. दीड-दीड फुटाचा जाड प्लायवूड सोबत न्या, त्यावर पाणसळ ठेवून सपाट करा, आणि दर दहा मुलांमागे ओळखीचं प्रमाणित वजन ठेवून काटा तपासा.

आता सरांना पटेल अशी तपासणी. खऱ्या कामाआधी दहा मुलं घ्या आणि दोघींनी प्रत्येकाला स्वतंत्र मोजा, एकमेकींचा आकडा न बघता. प्रत्येक मुलाच्या दोन मापांतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज करा, तिला मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागा, आणि वर्गमूळ काढा. याला मोजणीतली तांत्रिक चूक, टीईएम म्हणतात. समजा उंचीतले फरक ०.२, ०.१, ०.३, ०, ०.४, ०.२, ०.१, ०.३, ०.२, ०.२ आले. वर्गांची बेरीज ०.५२. भागिले २० म्हणजे ०.०२६. वर्गमूळ ०.१६ सेंटीमीटर. ११० सेंटीमीटर सरासरी उंचीच्या मुलांत ही चूक साधारण ०.१५ टक्के होते, म्हणजे चांगली मोजणी. हा आकडा अहवालात लिहा. तो लिहिला की तुमच्या मापांवर कुणी बोट ठेवत नाही, आणि वाईट आला तर काम सुरू होण्याआधीच कळतं.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. सगळ्या मापांचा शेवटचा अंक मोजा. ० ते ९ प्रत्येक अंक साधारण दहा टक्के वेळा यायला हवा. ० आणि ५ चाच ढीग दिसला तर कुणीतरी मिलिमीटर न वाचता गोळाबेरीज केली आहे.

जन्मतारखेचं सावधपणे घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड किंवा अंगणवाडीचं रजिस्टर असेल तर ते. नसेल तर सण आणि शेतीच्या कामांवरून: होळीच्या आधी की नंतर, लावणीच्या वेळी, पोळ्याला केवढं होतं. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसली तर ती तारीख शाळाप्रवेशासाठी लिहिलेली असण्याची शक्यता मोठी. महाराष्ट्रात १ जूनचे वाढदिवस किती आहेत ते मोजून बघण्यासारखं आहे.

आणि हे सगळ्यांच्या वर: ११.५ च्या खालचं मूल सापडलं तर तो 'डेटा' म्हणून वहीत ठेवून घरी जायचं नाही. त्याच दिवशी अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना सांगा, आईला सांगा, आणि कुणाला कधी सांगितलं ते वहीत लिहा.

संमतीपत्रावर सही म्हटलं की लोक घाबरतात. आम्ही देव, लग्नाच्या रीती, कुळं असंच विचारतो, त्यात घाबरण्यासारखं काय? – एम.ए., नंदुरबार

घाबरण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते समजून घेणं तुमच्या अभ्यासाचाच भाग आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला पडताळणी समितीकडून वैध करून घ्यावा लागतो. त्या चौकशीत दक्षता पथक घरी येतं आणि नेमके हेच प्रश्न विचारतं: कुलदैवत कोणतं, लग्नात काय करतात, मयताला काय करतात. याला अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं की ही चाचणी दाव्याची अंतिम कसोटी धरता येणार नाही. पण ज्या घरातल्या मुलाचा प्रवेश किंवा नोकरी त्या उत्तरांवर अडलेली आहे, त्याला वही घेऊन आलेला अनोळखी माणूस आणि दक्षता पथक यांत फरक कसा दिसावा?

म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही पडताळणीचे नाही, सरकारचे नाही, कुठल्या योजनेचेही नाही. 'यातून तुम्हाला फायदा होईल' असं चुकूनही म्हणू नका. वस्तीत आल्यावर ग्रामसभेत किंवा पाड्याच्या बैठकीत आधी बोला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत बाहेरच्याने ग्रामसभेशी आधी बोलावं हे रुजवलं, आणि ते प्रत्येक गावात पाळण्यासारखं आहे.

सही नको असेल तर अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदार चालतो, किंवा तोंडी संमती रेकॉर्ड करता येते, मात्र आधी विभागाच्या नीतिसमितीकडून तसं मान्य करून घ्या. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागतेच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलांची स्वतःची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्यांची लेखी मान्यताही घ्यायची असते. नावांची यादी आणि घरक्रमांकांची वही एका पिशवीत ठेवू नका. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. आणि कुणी चौथ्या दिवशी 'माझं लिहिलेलं काढा' म्हणालं तर त्याच्यासमोर काढा.

घरची परिस्थिती अशी की मला बाहेरगावी राहता येणार नाही. संग्रहालयात काम केलं तर ते 'खरं' फील्डवर्क धरतात का? – बी.ए., पुणे

काम खरं असेल तर धरतात. वीस वस्तूंची नोंदकार्डं नीट करणं हा तीन आठवड्यांचा अभ्यास आहे. समजा समोर एक इरलं आहे. कार्डावर 'आदिवासींची छत्री' लिहिलं तर काहीच लिहिलं नाही. लांबी, रुंदी, खोली सेंटीमीटरमध्ये. कामट्या बांबूच्या, किती रुंद, विणीची भोकं केवढी. दोन जाळ्यांच्या मधे पानांचा थर कोणत्या झाडाचा. कड कशाने बांधली आहे. डोक्याला लागणाऱ्या भागावर घासलेली खूण आहे का, म्हणजे ते वापरलेलं की संग्रहालयासाठी करवून घेतलेलं. कुठल्या गावचं, कधी आलं, तिथे त्याला काय म्हणतात. मग ते विणणाऱ्या किंवा वापरलेल्या दोन माणसांना शोधून फोटो दाखवा. तुमचं फील्डवर्क तिथे सुरू होतं.

वस्तूवर क्रमांक थेट लिहायचा नसतो. आधी परत काढता येईल असा पारदर्शक थर देतात (पॅरालॉइड बी-७२ वापरतात), त्यावर शाईने आकडा आणि वर दुसरा थर, तेही संग्रहालयातल्या जाणकाराच्या देखरेखीखाली. टोपली उचलल्यावर खाली पिवळसर पीठ दिसलं तर भुंगेरे लागले आहेत. ती टोपली लगेच पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि सांगा. झटकून परत जागेवर ठेवलीत तर शेजारच्या दहा टोपल्या जातील.

प्रमाणपत्र घेताना त्यावर तारखा, एकूण तास आणि केलेलं काम नेमकं लिहून घ्या: 'संग्रहालयात प्रशिक्षण घेतलं' यापेक्षा 'बांबूच्या २० वस्तूंची मापं, छायाचित्रं आणि नोंदकार्डं केली' हे वाचणाऱ्याला काहीतरी सांगतं. गडचिरोलीकडे जाणाऱ्या दोन पत्रांना इथेच उत्तर: जून ते सप्टेंबर टाळा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटत आला आहे, आणि हिवतापाचेही तेच दिवस. इतर वेळी गेलात तरी मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, दोन वह्या, सहा पेन्सिली, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर. नंबर फोनमध्ये ठेवू नका, तिथे चार्जिंग मिळेलच असं नाही.